ताईचा लॅपटॉप आणि 48 आकड्यांची किल्ली

गेल्या आठवड्यात ताईने नवीन लॅपटॉप घेतला आणि यावेळी मी हट्टाने सोबत गेलो. मागच्या वेळी गेलो नव्हतो, तर काय झालं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

ताई इंदूरला रामबागेत राहते, घरीच नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवते. आधीचा लॅपटॉप तिने जेल रोडवरच्या एका दुकानातून घेतला होता, दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण असं करणारे ते एकटे नाहीत. तिथला मुलगा म्हणाला, "दीदी, टेन्शन मत लो, पूरा सेट करके देंगे", आणि अर्ध्या तासात खरंच सगळं चालू करून दिलं, ताई खूश. पण लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना मायक्रोसॉफ्टचं अकाउंट मागतात ना, तिथे त्याने दुकानाचाच मेल आयडी टाकला आणि मग ताईच्या नावाचं वेगळं युजर बनवून दिलं. ही गोष्ट कुणाच्या लक्षातही आली नाही.

एका सकाळी ताईचा फोन, "अरे, अपडेट झालं आणि आता हा निळा पडदा आलाय, 48 आकडे मागतोय, मी तर असा कुठलाच पासवर्ड ठेवला नव्हता रे."

मी गेलो तर बिटलॉकर रिकव्हरी, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप उघडायची किल्ली मागणारा पडदा. आता हे नीट सांगतो कारण घरोघरी विंडोज 11 आहे आणि बहुतेकांना हे माहीत नसतं. होम व्हर्जन असलं तरी बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद. रोज ते कुलूप मदरबोर्डवरची टीपीएम नावाची सुरक्षेची चिप उघडते, आपल्याला काही कळत नाही. पण बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) अपडेट झालं, मदरबोर्ड बदलला, बूटच्या सेटिंगमध्ये काही हललं की चिपला वाटतं मशीन बदललं, आणि ती आपल्याकडे किल्ली मागते. सोय तशी चांगलीच आहे, लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला आतलं काही दिसत नाही. फक्त ती किल्ली ज्या अकाउंटने लॅपटॉप पहिल्यांदा सेट केला त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. ताईची किल्ली दुकानाकडे होती.

शिकवणीचे पेपर परत बनवता आले असते. पण त्याच लॅपटॉपमध्ये आजीची रेकॉर्डिंग्ज होती. आजी जायच्या आदल्या वर्षी ताईने रोज सकाळी स्वयंपाकघरात फोन ठेवून तिच्या भूपाळ्या, ओव्या, लग्नातले उखाणे असं सगळं रेकॉर्ड केलं होतं, तो फोन पुढे एक्सचेंजमध्ये गेला आणि फाइल्स उरल्या फक्त लॅपटॉपमध्ये. एकच कॉपी. ताई काही बोलली नाही, नुसती समोर बसून राहिली, आणि मला तेव्हा जे वाटलं त्यासाठीच हे सगळं लिहितोय.

दुकानात तीन चकरा झाल्या. तिसऱ्या चकरेला तो मुलगा भेटला, बिचाऱ्याने मनापासून मदत केली, अकाउंट उघडलं तर आत किल्ल्यांची ही लांब यादी, कितीतरी गिऱ्हाइकांच्या. त्यातली आपली कोणती? निळ्या पडद्यावर की आयडी म्हणून एक कोड लिहिलेला असतो, त्याचा फोटो मी काढून नेला होता, त्याची पहिली आठ अक्षरं यादीशी जुळवत गेलो आणि एक जुळली. घरी येऊन ताईने सहा-सहा आकडे करत आठ वेळा टाइप केले, मी वाचून दाखवत होतो. डेस्कटॉप उघडला तेव्हा तिने काही न बोलता आधी पेन ड्राइव्ह लावला.

तर यावेळी. बजेट 40 हजार होतं आणि मी आधीच सांगून टाकलं की हे 40 लॅपटॉपचे नाहीत, लॅपटॉप आणि बाहेरची हार्ड डिस्क दोन्हींचे मिळून आहेत. भरवशाचा लॅपटॉप म्हणजे कधीच बंद न पडणारा, असा मिळत नाही, महागातला पण नाही. बंद पडला तरी आपलं काही जाणार नाही अशी तयारी असली की मग स्वस्तातलाही चालतो.

आम्ही आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये फिरलो. पहिल्या दुकानात सेलेरॉन प्रोसेसर, 4 जीबी रॅम आणि 128 जीबी ईएमएमसी (फाइल्स साठवायची स्वस्तातली चिप) असलेला दाखवला, तो घेऊच नये, ईएमएमसी एसएसडीपेक्षा बरंच स्लो असतं आणि बोर्डवरच चिकटवलेलं असतं, पुढे बदलता येत नाही. मग एक रायझन 3 7320यू प्रोसेसरचा दाखवला. नाव 7000 सिरीजचं, पण आतले कोर झेन 2 म्हणजे 2019 मध्ये आलेलं डिझाइन, आणि रॅम सोल्डर केलेली, म्हणजे बोर्डला पक्की जोडलेली, 8 जीबी घेतली की आयुष्यभर 8. वाईट नाही पण मला रॅम वाढवता येणारा हवा होता. शेवटी कोअर आय3 1215यू घेतला, सहा कोर, 8 जीबी रॅम, एक स्लॉट रिकामा, 512 जीबी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी. रिकाम्या स्लॉटबद्दल दुकानदाराला विचारायचंच, एकाच नावाच्या मॉडेलमध्ये पण कधी असतो कधी नसतो. स्क्रीन तिरकी करून बघितली, टीएन पॅनलचे रंग वरून-खालून बघितलं की उलटे-पांढरे होतात, आयपीएस असेल तर तसं होत नाही. आणि ताईने स्वतः बसून दहा मिनिटं टाइप केलं, झाकण एका कोपऱ्याने उघडून बिजागरी कुरकुरते का ते पाहिलं. स्वस्त लॅपटॉपची बिजागरीच आधी जाते, हा माझा अनुभव.

रिफर्बिश्डचा (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला) विचार पण केला होता, थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड, बॉडी दणकट असते. फक्त प्रोसेसर इंटेलचा आठव्या जनरेशनच्या आधीचा असेल तर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय. बॅटरी बघायची तर कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport ही कमांड चालवायची, मूळ क्षमता किती आणि आता किती उरली दोन्ही दिसतं. ताईला वॉरंटी हवी होती म्हणून नवीन.

"सेट करके दे दें भिया?" दुकानदाराने विचारलं. मी म्हटलं नको, सीलबंदच द्या, घरी करू.

घरी ताईच्या अकाउंटने सुरू केला, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंट पेजवरून किल्ली काढली, दोन प्रिंट, एक घरपट्टीच्या पावत्यांच्या फाइलमध्ये आणि एक माझ्याकडे. लॅपटॉपची किल्ली लॅपटॉपमध्येच सेव्ह करून ठेवणारे लोक मी पाहिलेत, कृपया असं करू नका.

भाचा म्हणाला, "मामा, वनड्राइव्ह आहे ना, मग डिस्क कशाला?" वनड्राइव्ह म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन जागा, त्यात फुकटात 5 जीबी मिळतं, गुगलचं 15, ते एक झालं. दुसरं म्हणजे ते सिंक आहे, इथे फाइल उडवली की तिथली पण उडते, रिसायकल बिनमध्ये 30 दिवस राहते आणि मग गेली. आणि पूर्वी हार्ड डिस्कमधून डिलीट झालेलं कधीकधी रिकव्हर व्हायचं, एसएसडीमध्ये ट्रिममुळे (डिलीट केलेली जागा आपोआप पुसून टाकणारी सोय) ती आशा जवळजवळ सोडायचीच. म्हणून तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर. हा 3-2-1 चा नियम पीटर क्रोघ नावाच्या फोटोग्राफरने लोकप्रिय केला, फोटोवाल्यांना एकच कॉपी असण्याची भीती किती असते ते आता मला कळतं. ताईची एक कॉपी लॅपटॉपमध्ये, एक डिस्कवर, एक दुसऱ्या डिस्कवर, सुदामा नगरला माझ्या घरी कपाटात. डिस्क रविवारी संध्याकाळी लावायची, कॉपी झाली की काढून ठेवायची. लावून ठेवली आणि रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) शिरलं तर डिस्कपण कुलूपबंद होते, वीज कडाडली तर दोन्ही एकदम जळू शकतात.

माझ्या घरची कॉपी खरंच चालते का ते परवा रात्री बघितलं, माझ्या लॅपटॉपला डिस्क लावून मधलीच एक फाइल उघडली. आजी "घनश्याम सुंदरा"ची दुसरी ओळ म्हणतेय, मागे कुकरची शिट्टी, आणि मग मध्येच थांबून, "अगं बंद कर ते आता, दूध उतू जाईल."

ताईला फोन लावून ऐकवलं.