ग्रॅहम नावाची माणसं

ग्रॅहम म्हटलं की लोकांना टेलिफोनवाला बेल आठवतो. पण १८४७ साली एडिनबरोत जन्मला तेव्हा तो नुसता अलेक्झांडर बेल होता. भावांसारखं मधलं नाव हवं म्हणून वडिलांच्या मागे लागला आणि अकराव्या वाढदिवसाला घरच्या एका स्नेह्याचं आडनाव पदरात पाडून घेतलं. हट्टी पोरगं! हे आडनाव मूळचं इंग्लंडातल्या ग्रँथमचं. बाराव्या शतकात स्कॉटलंडला गेलं आणि तिथलंच झालं.

माझ्या लेखी मात्र ग्रॅहम एकच, इंग्लंडचा क्रिकेट कप्तान गूच. १९९०, लॉर्ड्स. ३६ वर असताना किरण मोरेच्या हातून झेल सुटला आणि गड्याने ३३३ कुटल्या. वर दुसऱ्या डावात १२३! फॉलोऑन टाळायला कपिलने हेमिंग्जला लागोपाठ चार षटकार हाणले, तेवढ्यावरच आम्ही अजून खूश. कसोटी गेली २४७ धावांनी.