पहिला निखारा

सिरॅमिकची शेगडी, म्हणजे झाकण लावून आत कोळशावर अन्न भाजायची कामाडो, घरी आली तेव्हा मी पहिली दहा मिनिटं नुसता तिच्या जाड भिंतीवरून हात फिरवत होतो. या जाडीतच तिचा सगळा गुण आहे: एकदा धरलेली उष्णता ती तासन्‌तास सोडत नाही.

पेटवण्यासाठी रॉकेल किंवा कुठलंही पेटवायचं द्रव्य वापरू नका. सिरॅमिक सच्छिद्र असतं, तो वास आत मुरतो आणि पुढे अन्नाला लागतो. मी मोठे, ओबडधोबड लाकडी कोळसे तळाशी ठेवतो, लहान वर. म्हणजे मधून हवा खेळते. खालची खिडकी सताड उघडी, मधोमध मेणात भिजवलेल्या लाकडी भुश्याची एक वडी, आणि झाकण उघडं. दहाएक मिनिटांत मूठभर निखारे लाल होतात. तेवढे पुरे. सगळा कोळसा पेटायची वाट पाहू नका.

मी पहिल्यांदा तीच वाट पाहिली. तापमापकाचा काटा ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेला आणि तापलेली भिंत काही केल्या निवेना. आता १२० हवे असतील तर काटा ९०-१०० वर येताच दोन्ही खिडक्या, खालची आणि झाकणावरची, बोटभर फटीवर आणतो. चढवणं सोपं, उतरवणं फार अवघड.

आणि झाकण! तापलेल्या शेगडीचं झाकण आधी दोन बोटं उचला, क्षणभर थांबा, मग उघडा. एकदम हवा शिरली की आतून ज्वाळेचा लोट येतो. हे मला अगदी कळकळीनं सांगायचंय.

काम झालं की दोन्ही खिडक्या बंद. उरलेला कोळसा विझतो, पुढच्या वेळी राख झटकून तोच वापरता येतो.