तिठ्यावरचं अंडं

श्रावण शुद्ध प्रतिपदा, कवळे, गोवा

काल दिव्यांची अवस. आईने समया चिंचेने लख्ख घासून पाटावर मांडल्या, पूजा केली आणि नऊला झोपली. मग मी उकडलेलं अंडं, लसणीच्या चार पाकळ्या नि खाऱ्या बांगड्याचा तुकडा केळीच्या पानावर घेऊन तिठ्यावर गेले. हेकाटीसाठी, जुन्या ग्रीकांच्या तिठ्यावरच्या देवीसाठी. पान ठेवलं, नाव घेतलं, मागे वळून न पाहता घरी आले.

सकाळी दुधाला निघाले तर तिथे पाच-सहा छत्र्या जमलेल्या. बांगडा कुत्र्याने नेलेला, अंडं मात्र जसंच्या तसं. कुणीतरी करणी केलीय म्हणे. शेजारच्या काकी करणी उतरवणाऱ्या घाड्याला बोलवायच्या गोष्टी करत होत्या. मी खाली मान घालून दूध घेतलं नि परतले. एवढं वाचन केलं, पण आमच्याकडे अवसेच्या रात्री तिठ्यावर अंडं म्हणजे काय, हे काही सुचलं नाही! एका जुन्या ग्रीक नाटकात टोमणा आहे की हेकाटीचं जेवण जमिनीला टेकायच्या आतच गरीब पळवतात. इथे त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

बाबा गेले त्या वर्षी मी या वाटेला लागले. आधी विक्का, म्हणजे आजच्या काळातला चेटकिणींचा पंथ. इंग्लंडमधला चेटूकविरोधी कायदा 1951 साली रद्द झाला नि जेराल्ड गार्डनरने 1954 मध्ये हा पंथ उघडपणे लोकांपुढे मांडला. त्यांचे वर्षाचे आठ सण मी प्रामाणिकपणे पाळून पाहिले. 1 फेब्रुवारीला इम्बोल्क, म्हणजे थंडी सरत आली नि मेंढ्यांना दूध उतरलं. आणि इथे मी पंखा लावून, आंब्याचा मोहोर बघत बसलेली. दोन वर्षांत सोडून दिलं.

हेकाटी मात्र राहिली. देवीने मला बोलावलं, स्वप्नात आली, असं बरेच पेगन, म्हणजे हे जुने देव आज पुजणारे लोक, सांगतात. मला कुणी बोलावलं नाही. एका प्राचीन स्तोत्रातली तिची गोष्ट वाचली, एवढंच. दिमित्रा या धान्याच्या देवीची मुलगी पळवून नेली जाते. आई नऊ दिवस अन्नपाण्याविना तिला शोधत फिरते. दहाव्या दिवशी हेकाटी हातात मशाल घेऊन येते आणि म्हणते, मी किंकाळी ऐकली, पण कोणी नेलं ते डोळ्यांनी पाहिलं नाही. धीर धर वगैरे काही नाही. बाबांच्या तेराव्याला आलेल्या माणसांतलं असं एकही मला आठवत नव्हतं.

दुपारी आईला सगळं सांगून टाकलं. भात वाढता वाढता तिने विचारलं, "कोण गो ती? तिका कितें लागता?"

तीन वाटांवर असते, हातात मशाल, सोबत कुत्रे. अंडं, लसूण, मासे.

"म्हणजे राखणदारच की," आई म्हणाली. तिला फक्त जागा पटली नव्हती. लोकांच्या वाटेवर नको, आपल्या आवाराच्या कोपऱ्यात ठेव. आणि ठेवून पळायचं काय? गाऱ्हाणं घालायचं, काय हवंय ते स्पष्ट बोलायचं, आपल्याकडून काय देणार तेही. मी म्हटलं, तिच्या रिवाजात मागे वळून बघत नाहीत. "मग बोलून झाल्यावर वळ," असं म्हणून ती कढी आणायला उठली.

परकी आहे याचं तिला काहीच वाटलं नाही. मलाच राहवेना, मी विचारलं. तर म्हणे, शांतादुर्गा तरी इथली कुठे? सोळाव्या शतकात फिरंग्यांनी देवळं मोडली तेव्हा केळशीहून जुवारी नदी ओलांडून इथे कवळ्याला आणली. देव माणसांबरोबर येतात.

रात्री भांडी आवरताना पुन्हा म्हणाली, "तिला नारळ चालतो का?"

ग्रीसमध्ये नारळ कुठला? अजून काही सांगितलेलं नाही तिला. पुढच्या अवसेपर्यंत वेळ आहे.