विषयपत्रिकेतील सतरावा विषय

आमच्या नगरपरिषदेच्या जुन्या इमारतीत शिरताच डाव्या हाताला जाळीचा एक सूचना फलक आहे. त्यावर निविदांच्या नोटिसा, डेंग्यूविषयीचे पत्रक, मालमत्ता कराच्या सवलतीची मुदत आणि या सर्वांच्या खाली, बहुधा दुसऱ्या कागदाने अर्धी झाकलेली, सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका लावलेली असते. गेल्या काही महिन्यांपासून मी बाजारातून परतताना तेथे थांबून ती वाचतो. शिपाई आता मला ओळखू लागला आहे आणि वरचा कागद स्वतःच बाजूला करून देतो.

शहरातील बातमी म्हणून जे आपल्यापर्यंत पोहोचते त्याचे मार्ग ठरलेले आहेत. उद्या पाणी येणार नाही हे घंटागाडीच्या भोंग्यावरून कळते, सभेत कोण कोणावर धावून गेले हे वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावरून कळते, आणि कोणत्या चौकात कोणता महोत्सव आहे हे फलक सांगतात, ज्यांवरील छायाचित्रांची गर्दी पाहता कार्यक्रमाची तारीख शोधावी लागते. परंतु पुढील वर्षभरात शहराचे काय होणार आहे हे यांपैकी कोठेही नसते. ते त्या चार-पाच पानी विषयपत्रिकेत असते, आणि तेही अशा भाषेत की वाचणाऱ्याने तिसऱ्या ओळीलाच माघार घ्यावी. ‘पुरविणेकामी’, ‘करणेत आलेल्या’, ‘मंजुरी देणेबाबत’ ही शब्दरूपे मराठीच्या अन्य कोणत्याही प्रांतात आढळत नाहीत. मात्र सवय झाली की त्या भाषेचा एक गुण जाणवतो. ती काहीही लपवत नाही, फक्त कंटाळा आणते.

विषयांचा क्रमही बोलका असतो. पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त, म्हणजे त्या सभेची लेखी नोंद, कायम करण्याचा. मग रस्ते, गटारे, पाणीपुरवठ्याच्या पंपांची दुरुस्ती, कंत्राटी कामगारांना मुदतवाढ. ‘कार्योत्तर मंजुरी’ असे शब्द आले की काम होऊन गेले आहे आणि आता त्याला कागदावर बसवायचे आहे, असे समजावे. ‘अवलोकनार्थ’ म्हणजे सभागृहाने केवळ पाहावे आणि पुढे जावे. सर्वांत शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ ही ओळ असते. ती एकच ओळ असली तरी तिच्या मागून काय येईल हे फलकावर वाचणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो, आणि माझ्या अनुभवात सर्वांत महत्त्वाचे काही विषय याच दाराने आत आले आहेत.

ही विषयपत्रिका मध्यंतरी जवळपास चार वर्षे फलकावर नव्हती. महाराष्ट्रातील बहुसंख्य नगरपरिषदांच्या निवडणुका २०१६ च्या अखेरीस झाल्या होत्या, त्यांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपू लागली आणि त्यानंतर करोना, प्रभागरचना व इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद यांमुळे निवडणुका लांबत गेल्या. निवडून आलेल्या संस्थेची मुदत पाच वर्षे असेल आणि ती संपण्यापूर्वीच पुढील निवडणूक पूर्ण करावी, असे राज्यघटनेत ७४ व्या दुरुस्तीने १९९२ मध्ये लिहून ठेवले आहे. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, आणि २ डिसेंबर २०२५ रोजी बहुतेक नगरपरिषदांसाठी मतदान झाले. मतमोजणी दुसऱ्याच दिवशी व्हायची होती, ती न्यायालयाच्या आदेशाने २१ डिसेंबरपर्यंत पुढे गेली. ते अठरा दिवस आमच्या शहरात जितक्या पैजा लागल्या तितक्या क्रिकेटच्या अंतिम सामन्यालाही लागत नसाव्यात.

मधल्या चार वर्षांत कारभार प्रशासकांकडे होता. पुष्कळ ठिकाणी, आणि आमच्याकडेही, मुख्याधिकारी हेच प्रशासक होते, म्हणजे ज्या अधिकाऱ्याने प्रस्ताव मांडायचा त्यानेच सभागृहाचे अधिकार वापरून तो मंजूर करायचा. त्या काळात सगळेच वाईट झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. फायली लवकर हलल्या, बाजारपेठेतील वर्षानुवर्षांची अतिक्रमणे निघाली, कचऱ्याचे वर्गीकरण पूर्वीपेक्षा नेटाने झाले. नगरसेवकांच्या दारी हेलपाटे घालण्याचे वाचले, असे माझ्या शेजारच्या काकांचे मत आजही ठाम आहे. परंतु ठराव झाला आहे हे आपल्याला रस्ता खणायला यंत्र आल्यावर कळत असे, आणि का खणता असे विचारायला जागा नव्हती. सूचक आणि अनुमोदक यांची नावे ठरावाखाली असतात ती निव्वळ औपचारिकता आहे असे मी समजत होतो. ती नावे नाहीशी झाल्यावर त्यांचा उपयोग लक्षात आला, कारण त्या नावांच्या घरी जाऊन बसता येते.

कार्यक्रम मात्र या चार वर्षांत कमी झाले नाहीत, उलट वाढले. निवडणूक केव्हाही लागेल या आशेवर प्रत्येक इच्छुकाने आपापल्या प्रभागात हळदीकुंकू, आरोग्य शिबिर, दहीहंडी, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि कीर्तन सप्ताह यांची रांग लावली. चार वर्षे हा खर्च पेलताना काहींची अक्षरशः दमछाक झाली. सभागृह बंद होते म्हणून राजकारण मंडपात आले, असे मला त्या वेळी वाटत असे. आता सभागृह सुरू झाले आहे आणि मंडप त्याच्या विषयपत्रिकेत आला आहे.

मागील सभेच्या विषयपत्रिकेतील सतरावा विषय तोच होता. ‘शहरात वर्षभरात होणाऱ्या विविध शासकीय व सामाजिक कार्यक्रमांकरिता मंडप, ध्वनिक्षेपक व विद्युत रोषणाई पुरविणेकामी प्राप्त दरांस मंजुरी देणेबाबत.’ ध्वजवंदन, जयंत्या, गणेश विसर्जनाचे कृत्रिम हौद, क्रीडा स्पर्धा या सर्वांचा मंडप नगरपरिषदेच्या खर्चाने याच एका ठरावाखाली उभा राहतो. माझा त्यातील रस मात्र स्वार्थी होता. शहरातील एकमेव मोठे मैदान हे नगरपरिषदेचे आहे. मंडपाचे खांब रोवण्यासाठी तेथे जे खड्डे घेतले जातात ते कार्यक्रम संपल्यावर तसेच राहतात, आणि मागील हिवाळ्यात पहाटे फिरताना त्यांतील एकात माझा पाय मुरगळून मी तीन आठवडे घरी बसलो होतो. खड्डा वीतभर रुंद आणि कोपरभर खोल होता, त्यात झेंडूची सुकलेली माळ आणि केबलचा तुकडा पडलेला होता.

सार्वजनिक समारंभावर नगरपालिकेचा पैसा किती खर्चावा हा वाद नवा नाही. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीच्या निमित्ताने स्वागत व सजावटीवर पालिकेने खर्च करावा असा प्रस्ताव आला, तेव्हा तो पैसा शिक्षणासाठी वापरावा अशी भूमिका घेऊन त्यांनी विरोध केला. नगरपालिकेत बसून समारंभाच्या मांडवाला हरकत घेणे किती अवघड असते हे आमच्या सभेच्या मागच्या बाकावर बसून पाहिल्यावर मला थोडेफार समजले.

सभा नागरिकांना पाहता येते, परंतु पाहायला येतात फार थोडे. त्या दिवशी मी, एक निवृत्त शिक्षक आणि दोन पत्रकार होतो. एका चौकाच्या नामकरणावर पाऊण तास चर्चा झाली, दोन गट उभे राहिले, आवाज चढले आणि पत्रकारांच्या वह्या भरल्या. त्यानंतर पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून करावयाच्या कामांची यादी आली. या निधीचा साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधलेला असतो, म्हणजे त्यातून सुशोभीकरण करता येत नाही. यादीतील जलवाहिनीचे काम जेथे दाखवले होते तेथे दोनच महिन्यांपूर्वी काँक्रीटचा रस्ता झाला आहे. मला अपेक्षा होती की कोणीतरी हे विचारील. ‘मंजूर, मंजूर’ असे दोन-तीन आवाज आले आणि विषय संपला. याला एक मिनिटही लागले नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात अर्थातच चौक होता, जलवाहिनी नव्हती.

सतराव्या विषयावर मात्र एक नवनिर्वाचित नगरसेविका बोलायला उभ्या राहिल्या. राज्यात स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, आणि त्यांच्या वतीने घरातील पुरुषच बोलतात ही टीका आमच्याकडेही होते. त्यांना मात्र प्रश्न नीट ठाऊक होता. दरांना त्यांचा विरोध नव्हता. मंडप काढल्यापासून तीन दिवसांत ठेकेदाराने मैदानावरील खड्डे मुरूम टाकून बुजवावेत, अन्यथा त्याच्या अनामत रकमेतून ते काम नगरपरिषदेने करून घ्यावे, अशी अट ठरावात घालावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. नगराध्यक्षांनी मान डोलावली, कोणी हरकत घेतली नाही आणि अटीसह विषय मंजूर झाला. मी समाधानाने घरी आलो.

परवा पुढील सभेच्या विषयपत्रिकेबरोबर मागील सभेच्या इतिवृत्ताची प्रत त्या नगरसेविकेच्या घरी आली, आणि त्यांनी ती मला वाचायला दिली. नामकरणाच्या चर्चेला दीड पान मिळाले आहे. सतराव्या विषयाखालील ठराव चार ओळींचा आहे आणि त्यातील शेवटचे वाक्य असे आहे: ‘कार्यक्रमांनंतर मैदानाच्या सुस्थितीबाबत ठेकेदाराने योग्य ती दक्षता घ्यावी.’ तीन दिवस नाहीत, मुरूम नाही, अनामत रक्कम नाही. यात कोणाचा कट आहे असे मला वाटत नाही. लिहिणाऱ्याच्या हाताला वर्षानुवर्षे जे वाक्य सवयीचे झाले आहे तेच उतरले असावे. परंतु ठेकेदाराला उद्या दाखवायचा कागद हाच आहे, आणि योग्य ती दक्षता घेतली नाही हे कोणत्याही ठेकेदाराच्या बाबतीत सिद्ध करता आल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

दुरुस्ती सुचवण्याची संधी इतिवृत्त कायम होण्यापूर्वीच असते, म्हणजे सभेच्या पहिल्या विषयाला, जेव्हा अर्धे सदस्य अजून जिन्यात असतात. नगरसेविकांनी आपले वाक्य शब्दशः लिहून ठेवले आहे, आणि सभेची वेळ अकराची असली तरी त्या पावणेअकराला सभागृहात बसणार आहेत. मी मागच्या बाकावर असेन.