डोळा पाहून काप

गेल्या रविवारी दुपारी फ्रिजमागचा केर काढताना मावशींच्या झाडूत मनीप्लांटचा शेंडा अडकला आणि "ताई, आता एक तर हा वेल राहील, नाहीतर मी," असे त्यांनी जाहीर केले. मावशी आमच्याकडे बारा वर्षे आहेत आणि वेल सहा, तेव्हा निवाडा अवघड नव्हता. मी कात्री घेऊन बसले.

वेल कापणे मला जमते. कापलेले टाकून देणे जमत नाही. त्यामुळे स्वयंपाकघराच्या खिडकीत लोणच्याच्या, मधाच्या आणि खोकल्याच्या औषधाच्या मिळून सात बाटल्या आधीच उभ्या होत्या, त्यांत आठवीची भर पडली. मनीप्लांटच्या पानाचा देठ जिथे खोडाला मिळतो, तिथे खोड किंचित फुगलेले असते आणि त्या फुगवट्यावर बाजरीच्या दाण्याएवढे एक तपकिरी, खडबडीत टोक डोकावत असते. हे वेलाचे हवेतले मूळ. त्याच्या थोडे खाली कापून ते पेर पाण्यात बुडवले की आठ-दहा दिवसांत त्या टोकाला तांदळाच्या कणीसारखा पांढरा कोंभ फुटतो, आणि मग रोज सकाळी चहाचे आधण ठेवल्यावर बाटली उजेडात धरून तो किती वाढला हे पाहण्याचा नाद लागतो.

पेराचे महत्त्व मला आजोबांनी शिकवले. मी दुसरीत असताना एक सुंदर पान देठासकट तोडून पेल्यात ठेवले होते. सांगलीकडून डोंबिवलीला चार दिवसांसाठी आलेल्या आजोबांनी ते पान उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "अगं, ह्याला डोळा कुठाय?" त्यांचा सारा जन्म उसात गेला होता. उसाचे बेणे तोडताना प्रत्येक टिपरीवर डोळा शाबूत आहे ना हे पाहावे लागते, कारण नवा ऊस त्या डोळ्यातूनच फुटतो. डोळा गेला की ती कांडी नुसती चघळायची. माझे पान मात्र दीड महिना हिरवेगार राहिले, देठाला दोन केसांसारखी मुळेही आली, आणि मी आजोबांना पत्र लिहून तसे कळवलेदेखील. पुढे कोंब काही फुटला नाही. ते पत्र आजोबांनी जपून ठेवले होते.

आमच्या घरातला तो वेल चोरीचा होता. मनीप्लांट मागून आणला तर फळत नाही, चोरूनच आणावा लागतो, यावर डोंबिवलीतल्या आमच्या तीन मजली इमारतीत कोणाचे दुमत नव्हते. एरवी भाजीवाल्याने चुकून जास्त दिलेले आठ आणे परत करायला जिने उतरणाऱ्या माझ्या आईने तळमजल्यावरच्या काकूंच्या ग्रिलमधून वीतभर वेल खुडून पदराआड वर आणला आणि फौजेतल्या मामांनी मागे ठेवलेल्या बिअरच्या तपकिरी बाटलीत लावला. बाटलीवरचे लेबल तिने रात्रभर भिजवून खरवडून काढले होते. चोरी चालत होती, लेबल चालत नव्हते. गडद काचेत ऊन कमी शिरते, त्यामुळे पाण्यात शेवाळ धरत नाही आणि मुळे स्वच्छ राहतात, हे तिला ठाऊक नसावे, पण तिच्या वेलासारखी मुळे माझ्या एकाही बाटलीत नाहीत.

हा वेल मुळात पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटाचा. १८८० मध्ये त्याला पहिले शास्त्रीय नाव मिळाले. जिबरेलिन हे संप्रेरक त्याच्या अंगात पुरेसे तयार होत नाही, म्हणून त्याला आपणहून फूल येत नाही, आणि फूल नाही म्हणून बीही नाही. म्हणजे घरोघरी जो दिसतो, तो कोणीतरी कोणाकडून तरी कापून आणलेला. काकूंचा वेल आईकडे आला तरी काकूंकडे होता तसाच राहिला. चोरीचा माल मालकाकडेही शिल्लक राहावा अशी दुसरी चोरी मला माहीत नाही.

एका मे महिन्यात काकू गावी गेल्या आणि परत येईपर्यंत त्यांचा वेल वाळून गेला. जूनमध्ये त्या वर आल्या, पावसाबद्दल बोलल्या, जावेबद्दल बोलल्या आणि मग बाटलीकडे पाहत गप्प बसल्या. आई म्हणाली, "मी देणार नाही हं. मी आत चहा टाकते." आत जाऊन तिने कपबश्यांचा इतका आवाज केला की बाबा झोपेतून उठून आले. खरे तर काकू आपलाच वेल परत न्यायला आल्या होत्या, पण हे आईला माहीत होते आणि काकूंना माहीत होते की नाही, हे आईला कधीच कळले नाही. चहा घेऊन ती बाहेर आली तेव्हा काकू नव्हत्या, वेल नव्हता आणि तपकिरी बाटलीही नव्हती. बाटलीबद्दल आईने पुढे एक अक्षर काढले नाही.

काल मावशी भांडी घासता घासता खिडकीकडे बघून म्हणाल्या, "सुनेला एखादी फांदी हवी होती." मी म्हटले, मी आता अंघोळीला जाते आहे. बाटल्या मात्र मोजून ठेवल्या.