ट्रेलरमधली फळी पडते ती वरच्या स्क्रूमुळे

घरच्या भिंतीत फळी बसवणारा सुतार कॅम्पर ट्रेलरमध्येही तेच करतो: भोक पाडतो, प्लास्टिकची गिट्टी घालतो, स्क्रू पिळतो. पण इथे विटा नाहीत. आतून चार मिमीचा प्लाय, मग थर्माकोल किंवा फोम, बाहेर जेमतेम एक-दीड मिमीचा पत्रा. गिट्टी धरणार कशाला? इंदूरहून खंडव्याकडे निघालात, तर सिमरोलचा घाट संपेपर्यंत फळी कॉटवर आलेली असते.

फळी बहुधा मोडत नाही, वरचा स्क्रू उपटतो. हिशेब सोपा आहे. २०० मिमी रुंद फळीवर ८ किलो सामान ठेवलं, की भार भिंतीपासून सरासरी १०० मिमीवर येतो. ब्रॅकेटच्या वरच्या स्क्रूपासून खालच्या टोकापर्यंत ५० मिमी असतील, तर वरच्या स्क्रूंवर मिळून ८ × १०० ÷ ५० म्हणजे १६ किलोची ओढ बसते. हेच अंतर १५० मिमी केलं की साडेपाच किलोहून कमी. ही झाली उभ्या गाडीची ओढ. खड्डे आणि स्पीडब्रेकर धरून मी चौपट मोजतो, म्हणजे एकीकडे ६४ किलो आणि दुसरीकडे २१. जाड स्क्रूसाठी इंदूरचा सियागंज बाजार पालथा घालण्यापेक्षा उंच पायाचा ब्रॅकेट घ्या.

आता पकड. भिंतीत २५ × २५ मिमीच्या चौकोनी पाइपांची चौकट असेल, तर ब्रॅकेट त्या पाइपांवरच आला पाहिजे. पाइप लोखंडी असेल तर चुंबकाने सापडतो. ॲल्युमिनियमचा असेल तर बाहेरच्या रिव्हेटांची रांग पाहा आणि आतून माप घ्या. पाइपाची भिंत दीड-दोन मिमीची असते, त्यात सेल्फ टॅपिंग स्क्रूचे एक-दोनच आटे बसतात आणि धक्क्यांनी ते भोक मोठं होत जातं. त्यापेक्षा रिव्हेट नट लावा, म्हणजे भोकात घालून दाबला की फुगून पक्का बसणारा, आत आटे असलेला नट. एम५ साठी ७ मिमी आणि एम६ साठी ९ मिमी भोक लागतं. भोक अर्धा मिमीही मोठं झालं, तर बोल्ट पिळताना नट जागेवरच गोल फिरतो, आणि तो काढताना अर्धा दिवस जातो. नटाची पकड-जाडी, म्हणजे तो किती जाड थर धरतो ती, पाइप आणि प्लाय मिळून मोजा, नुसत्या पाइपाची नव्हे. बोल्टला मध्यम ताकदीचं, निळं थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावा; लाल लावलंत तर पुढे उघडताना हाल.

ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून खोलीची खूण करा, नाहीतर बाहेरचा पत्रा फुटतो आणि पावसाळ्यात पाणी आत येतं. त्याआधी बॅटरीची ऋण तार काढा. आतली १२ व्होल्टची वायरिंग आणि गॅसची नळी कुठून गेली आहे हे माहीत नसेल, तर तिथे भोकच नको.

पफ (पॉलियुरेथेन फोम) किंवा एफआरपी (फायबरग्लास) यांच्या थरांनी बनलेल्या सँडविच भिंतीत चौकट नसते, तिथे स्क्रूचा हट्ट सोडा. १२ मिमी मरीन प्लायची पट्टी, फळीहून प्रत्येक बाजूला १०० मिमी मोठी, पॉलियुरेथेन गोंदाने भिंतीला चिकटवा आणि ब्रॅकेट त्या पट्टीत बसवा. एफआरपीवर १२० नंबरचा सँडपेपर फिरवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. गोंदाची वात ८ मिमी रुंद, १० मिमी उंच अशी त्रिकोणी घाला. ३०० मिलीच्या नळीतून अशी साधारण साडेसात मीटर निघते. पट्टी दाबताना मध्ये सुमारे ३ मिमीचा थर राहू द्या, सगळा गोंद दाबून बाहेर काढलात तर लवचिकपणा जातो. हा गोंद हवेतल्या ओलाव्याने पकडतो. म्हणून इंदूरच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये सावकाश, श्रावणात लवकर. आठवडाभर भार टाकू नका. फोमची दुतर्फी टेप आरशापुरती ठीक. उन्हात तापलेल्या भिंतीवर ती मऊ पडते.

स्टीलचा स्क्रू थेट ॲल्युमिनियमला लागला आणि ओल आली, की ॲल्युमिनियम पांढऱ्या पावडरीसारखं झडतं. मध्ये नायलॉनचा वॉशर घाला. बाहेरपर्यंत जाणाऱ्या प्रत्येक भोकाला ब्यूटाइल टेप, म्हणजे पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी. आंबट वासाचं सिलिकॉन पत्र्यावर नको.

फळीला पुढे ४० ते ५० मिमीची कड लावा. पाण्याचा कॅन आणि शेवेचा मोठा डबा खालीच, वर हलकं सामान. मग ठरलेल्या वजनाच्या दुप्पट वाळू पिशवीत भरून रात्रभर ठेवा. पांढऱ्या पेंटने बोल्टवरून ब्रॅकेटपर्यंत एक रेघ ओढा, वीसेक किलोमीटर खडबडीत रस्त्यावर फिरवा. रेघ तुटली असेल तर बोल्ट सरकला आहे. तो काढा, थ्रेडलॉक नव्याने लावा, आणि पुढच्या मोठ्या प्रवासानंतर रेघा पुन्हा पाहा.