अर्जंट लोडसाठी गाडी घेताय? आधी आतून मापाचा टेप लावा

आमचा मावसभाऊ चाकणला एका व्हेंडरकडे, म्हणजे गाड्यांचे पार्ट बनवून देणाऱ्याकडे, डिस्पॅच बघायचा, आता नोकरी सोडून स्वतःची गाडी घेतोय. रोज रात्री जेवणं झाली की फोन, दादा कुठली घेऊ, आयशर का टाटा का भारतबेंझ. मी कंपनीचं सोडून दुसरंच काहीतरी विचारत बसतो म्हणून वैतागलाय. मग म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू.

काम काय ते आधी सांगतो. चाकण, तळेगाव, रांजणगावचे पार्ट होसूर, मद्रासजवळचं ओरगडम, मानेसर इथल्या गाड्यांच्या प्लांटला जातात. नेहमीचा माल 32 फुटी गाडीत निवांत जातो, पण कधी लॉट रिजेक्ट होतो, कधी मशीन बंद पडतं, आणि तिकडे प्लांटची लाईन थांबायची वेळ येते. अशा वेळी विमानाचं भाडं परवडत नाही आणि मोठी गाडी भरेपर्यंत थांबताही येत नाही, व्हेंडरला गाडी आत्ता गेटवर लागते आणि भाड्यावरून तो फार घासाघीस करत नाही. हे आपलं काम.

आता यात पासिंग, म्हणजे कागदावर मंजूर वजन, किती टन हा पहिला प्रश्न नसतोच. कास्टिंग, म्हणजे ओतीव धातूचे पार्ट, असेल तर वजन आधी भरतं, मान्य, पण वायरिंग, बंपर, प्लॅस्टिकचे पार्ट यात जागा आधी संपते. म्हणून बॉडी मोजायची, आणि आतून मोजायची. 1200 बाय 1000 मिलिमीटरचं पॅलेट, म्हणजे माल रचायचा पाट, धरा, आत रुंदी 7 फूट, म्हणजे शेजारी शेजारी दोन बसतात. 17 फुटीत चार ओळी, 8 पॅलेट. 19 फुटीत? तेवढीच 8, कारण पाचव्या ओळीला 6 मीटर लागतात आणि 19 फूट म्हणजे पावणेसहा मीटरच्या किंचित वर. 20 फुटीत 10 बसतात, पण तीन-चार इंचच उरतात, म्हणजे बॉडीवाल्याने 20 फूट बाहेरून मोजून दिली की गेली एक ओळ. लोक 19 फुटी घेतात आणि मग हवा वाहतात.

दुसरं टोल. एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल, 12 टनाच्या आत असेल तर नॅशनल हायवेवर एलसीव्हीचा, म्हणजे हलक्या मालगाडीचा, दर लागतो, त्याच्या वर ट्रकचा. 2008 च्या नियमांत मूळ दरच किलोमीटरला 1.05 आणि 2.20 रुपये असे धरलेत, म्हणजे दुपटीहून जास्त. मद्रासपर्यंत नाके किती लागतात ते तुम्हीच मोजा! त्यामुळे 11-12 टनाच्या आतली, 20 फूट बॉडीची गाडी हे माझं मत, आणि कास्टिंगचं पक्कं काम हातात असल्याशिवाय मी ते बदलणार नाही. याहून खाली साडेसात टनाच्या आत आलात तर साध्या एलएमव्ही, म्हणजे कारच्या, लायसनवर ड्रायव्हर चालतो, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये ते स्पष्ट केलंय, पण मग जागा आणि वजन दोन्ही कमी.

हॉर्सपॉवरवरून शोरूममध्ये फार भांडू नका. स्पीड लिमिटर 80 ला बसवलेलाच आहे, पळून पळून किती पळणार. भरलेली गाडी खंबाटकीला कशी चढते तेवढं बघा. खरा घोळ बीएस 6 गाड्यांच्या डीपीएफचा, म्हणजे सायलेन्सरमधल्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा. हायवेला सायलेन्सर चांगला तापतो, काजळी आपोआप जळते. तीच गाडी मधल्या दिवसांत चाकणच्या ट्रॅफिकमध्ये मिल्क रनला, म्हणजे दारोदार थोडा थोडा माल गोळा करायला, लावली की जळत नाही, दिवा लागतो, ड्रायव्हर दिवा बघून न बघितल्यासारखं करतो आणि मग नेमकी अर्जंट लोड असताना गाडी पॉवर सोडते. ड्रायव्हरला रीजनरेशन, म्हणजे ती काजळी जाळणं, शिकवा आणि धूर साफ करायला टाकीत घालतात तो युरिया सुट्टा घेऊ नका.

केबिनवर मात्र पैसे घाला. ओरगडम साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास, सरासरी 45 पडली तरी 26 तास नुसतं चालवणं. दोन ड्रायव्हर असतील तर गाडी फक्त डिझेल आणि जेवणाला थांबते, एकच असेल तर रात्रीचा मुक्काम आलाच, मग कसली एक्सप्रेस. पण दुसऱ्याला खरंच झोप लागली पाहिजे, सीटमागच्या फळीवर पाय दुमडून पडणं म्हणजे झोप नव्हे, पहाटे तुमकूरच्या पुढे स्टिअरिंग त्याच्याच हातात येणारे! म्हणून शोरूममध्ये ड्रायव्हरला सोबत न्या आणि आडवं पडून बघायला सांगा, सेल्समन हसला तरी चालेल. ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या साडेतीन टनाच्या वरच्या ट्रकना एसी केबिन कंपल्सरी आहे, त्यामुळे जुना स्टॉक सवलतीत गळ्यात मारत असतील तर बनल्याची तारीख बघा.

कंपनी कुठली हे मी सगळ्यात शेवटी ठरवेन आणि तेही रूट बघून. हुबळी, चित्रदुर्ग, कृष्णगिरी इथे रात्री दोनला मेकॅनिक कोणाचा येतो, पार्ट कोणाचा मिळतो, हे ढाब्यावर थांबलेल्या चार ड्रायव्हरना विचारा, ब्रोशरमध्ये सगळ्यांचं नेटवर्क देशभर असतं.

आणि हो, हप्ता ठरवायच्या आधी व्हेंडरकडून दोन गोष्टी लेखी घ्या, पार्ट भरून नेलेले बिन (खोके) रिकामे परत आणायचं भाडं आणि प्लांटच्या गेटवर गाडी उभी राहिली तर तासाचं हॉल्टिंग.